एसायक्लोव्हिरच्या बाटलीवर ‘डी-४’ कशाला लिहितात?

नागीण उठली की आपल्याकडं दोन कामं एकदमच सुरू होतात. घरातली म्हातारी माणसं गेरू नाहीतर काव उगाळून लावायला सांगतात, वर "तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जगत नाही" असलं काहीतरी बोलून पेशंटला अजून घाबरवतात, आणि दुसरीकडं डॉक्टर एसायक्लोव्हिर लिहून देतात, ८०० मिलिग्रॅमची गोळी, दिवसातनं पाच वेळा, सात दिवस. पाच वेळा! बेळगावच्या खडेबाजारातल्या मेडिकलवाल्याला हे प्रत्येक गिऱ्हाइकाला दोनदा सांगायला लागतं, कारण ऐकणाऱ्याला वाटतं डॉक्टरनी चुकून लिहिलंय. (तोंड-शेपूट काही नसतं ओ. लहानपणी कांजिण्या देऊन गेलेला विषाणूच मज्जातंतूत दडून बसलेला असतो, तो पुढं कधीतरी वर येतो. पण पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत गोळ्या सुरू केलेल्या बऱ्या हे खरं, म्हणून गेरू लावत बसू नका, आधी डॉक्टर गाठा.)

पाच वेळा का, तर हे औषध पोटातनं रक्तात जातं फार थोडं, साधारण १५ ते ३० टक्के, आणि जे जातं त्यातलं निम्मं अडीच-तीन तासांत मूत्रपिंडं बाहेर काढून टाकतात. आता माझा मुद्दा इथनं सुरू होतो. "तीन तासांत निम्मं जातं" हे कुणाला कसं कळलं? कुणीतरी माणसांना गोळी दिली, दर थोड्या वेळानं रक्त काढलं आणि प्रत्येक नमुन्यात औषध किती हे मोजलं. रक्तात हजारो पदार्थ असतात, औषध त्यात मिलिलिटरला मायक्रोग्रॅमच्या आसपास, कधी त्याच्याही खाली नॅनोग्रॅममध्ये. ते बिनचूक मोजायचं असलं तर आजच्या लॅबमध्ये पहिली वस्तू लागते ती म्हणजे त्याच औषधाचा थोडासा जड केलेला जुळा भाऊ. त्याच्या बाटलीवर लिहिलेलं असतं एसायक्लोव्हिर-डी-४.

आपल्या भागातली बरीच पोरं बीफार्म नाहीतर केमिस्ट्रीत बीएस्सी करून गोव्याला वेर्ण्याच्या फार्मा कंपन्यांत लागतात. खानापूरकडचा असाच एक पोरगा, माझ्याकडं शिकून गेलेला, त्यानं नव्या नोकरीत रुजू झाल्या झाल्या मेसेज केला, "सर, ह्या बाटलीवर डी-४ लिहिलंय, आत चिमूटभर पांढरी पूड आहे, किंमत बघून डोळे फिरले. ह्यात रेडिएशन हाय काय ओ? मी तर दोन-दोन ग्लोव्हज घालून धरलोय." त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहितोय, कारण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही, आणि मराठीत हे कुणी नीट सांगितलेलं मला तरी सापडलं नाही.

रेडिएशन नाही. शून्य. डी म्हणजे ड्युटेरियम, हायड्रोजनचाच एक प्रकार. साध्या हायड्रोजनच्या गाभ्यात एकच प्रोटॉन असतो, ड्युटेरियमच्या गाभ्यात प्रोटॉनच्या जोडीला एक न्यूट्रॉन असतो, म्हणून वजन दुप्पट. तो फुटत नाही, किरण सोडत नाही, आहे तसाच राहतो. किरण सोडणारा भाऊ तिसरा, ट्रिटियम, दोन न्यूट्रॉनवाला, ज्याचं निम्मं प्रमाण १२ वर्षांहून जरा जास्त काळात संपतं. पोरं ह्या दोघांत गोंधळ करतात. ड्युटेरियम शोधला हॅरॉल्ड युरी ह्या अमेरिकन केमिस्टनं १९३१ मध्ये, आणि १९३४ मध्ये त्याला त्याबद्दल नोबेल मिळालं, म्हणजे तीन वर्षांत, इतकी झटपट दखल घेण्यासारखी ती गोष्ट होती.

भीती बसायला अजून एक कारण आहे, ते म्हणजे कैगा. कारवारच्या बाजूला कैग्याचा अणुवीज प्रकल्प आहे, २२० मेगावॅटच्या चार अणुभट्ट्या, आणि त्या ज्या जातीच्या आहेत त्यांना जड पाणी लागतं, म्हणजे ज्या पाण्यातल्या हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम आहे असं पाणी. त्यामुळं आमच्याकडं जड पाणी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर अणुभट्टीच येते. पण जड पाणी तिथं नेलं म्हणून अणुभट्टी चालते, अणुभट्टीतनं जड पाणी निघत नाही. आपल्या देशात ते वेगळं काढायचे कारखाने आहेत, एक रायगड जिल्ह्यात थळला आहे, आरसीएफच्या खत कारखान्याला लागून. खतासाठी अमोनिया बनवायला जो वायू लागतो त्याच वायूतलं ड्युटेरियम तिथं गाळून घेतात. चिकोडी-निपाणीकडं उसाला टाकायचा युरिया आणि अणुभट्टीचं जड पाणी ह्यांचं असं शेजारपाजारचं नातं आहे, हे मला कळलं तेव्हा फार गंमत वाटली होती.

ड्युटेरियम निसर्गात सगळीकडं आहे, फक्त कमी. साधारण ६४०० हायड्रोजनमागं एक. हिशोब करून बघा की, राकसकोप धरणाचं पाणी एक ग्लास, म्हणजे २०० मिलिलिटर, त्यात ड्युटेरियम भरतं साडेसहा-सात मिलिग्रॅम. तुमच्या-माझ्या अंगात प्रत्येकी साधारण दोन ग्रॅम असतं. ग्लासातली ती संख्या लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

तर एसायक्लोव्हिर-डी-४ म्हणजे तोच रेणू, तशाच जोडण्या, फक्त त्यातल्या चार हायड्रोजनच्या जागी चार ड्युटेरियम. साध्या एसायक्लोव्हिरच्या रेणूचं वजन २२५, ह्याचं २२९. रंग तोच, विरघळणं तेच, रक्तातल्या प्रथिनांना चिकटणं तेच. वजन सोडलं तर जवळपास काहीच वेगळं नाही, आणि नेमकं तेच आपल्याला पाहिजे असतं.

का पाहिजे ते सांगतो. समजा परड्यात शेंगांचं मोठं पोतं आहे आणि त्यात शेंगा किती हे न मोजता सांगायचंय. तुम्ही शंभर शेंगा रंगवून पोत्यात टाकल्या, नीट कालवल्या, आणि मूठभर बाहेर काढल्या. मुठीत ५ रंगीत आणि ६० साध्या निघाल्या. म्हणजे रंगीतच्या बारा पट साध्या आहेत, म्हणजे पोत्यात साधारण बाराशे. आता ह्यातली खरी मजा बघा, मूठ काढताना निम्म्या शेंगा खाली सांडल्या तरी काही बिघडत नाही, कारण सांडतील त्या दोन्ही सारख्याच प्रमाणात सांडतील, बारास एक हे गणित तसंच राहील. अट एकच, रंग दिल्यामुळं शेंग गुळगुळीत किंवा जड होऊन वेगळी वागायला लागली नाही पाहिजे.

लॅबमध्ये हेच करतात. प्लाझ्मा म्हणजे रक्तातला सगळ्या पेशी काढलेला भाग, तो थोडासा, समजा २०० मायक्रोलिटर, एका बारक्या नळीत घेतात. त्यात सगळ्यात आधी डी-४ चं ठरलेलं प्रमाण टाकतात, सगळ्या नळ्यांत अगदी सारखं. मग मिथेनॉल किंवा असिटोनायट्राइल ओतून ढवळतात, प्रथिनं दह्यासारखी फाटून पांढरी होतात, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली की तळाशी बसतात, आणि वरचं निवळ पाणी मशीनला देतात. ह्या एवढ्या खटाटोपात औषध थोडंफार सांडतंच, नळीला चिकटतं, प्रथिनांबरोबर खाली जातं. जाऊ दे की, डी-४ पण त्याच्याच बरोबर तेवढंच जातं.

मशीनचं नाव एलसी-एमएस-एमएस. आधी एका बारीक कॉलममधनं पदार्थ सुटे होत बाहेर येतात, मग त्यांना विजेचा भार देऊन हवेत उडवतात, आणि मग वजनाप्रमाणं निवडतात. एसायक्लोव्हिरला भार मिळाला की त्याचं वजन २२६ दिसतं, डी-४ चं २३०. पहिल्या टप्प्यात मशीन २२६ वाले आणि २३० वाले आळीपाळीनं आत घेतं, दुसऱ्या टप्प्यात त्यांना वायूवर आपटून फोडतं, आणि तिसऱ्यात तुकडे मोजतं. इथं एक बारीकशी छान गोष्ट आहे. फोडल्यावर एसायक्लोव्हिरची बाजूची शेपटी तुटून पडते आणि ग्वानिनचा तुकडा राहतो, वजन १५२. डी-४ मधले चारही ड्युटेरियम त्या शेपटीवर बसवलेले असतात, त्यामुळं डी-४ चा तुकडाही १५२ चाच येतो. स्क्रीनवर एकाखाली एक दोन डोंगर दिसतात, वरती २२६ चं १५२, खाली २३० चं १५२, एकाच मिनिटावर, आकारानं भावंडांसारखे. हे पहिल्यांदा बघताना पोरांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

आता रक्तातली घाण. प्लाझ्मातली चरबी, क्षार हे औषधाबरोबर एकाच वेळी मशीनमध्ये घुसले की औषधाला भार मिळू देत नाहीत, सिग्नल दबतो. एका माणसाच्या रक्तात जास्त दबतो, दुसऱ्याच्यात कमी. आदल्या रात्री कोण काय जेवलंय त्यावरही ते असतं. समजा पहिल्या नमुन्यात औषधाचा डोंगर ६०,००० आणि डी-४ चा ४०,०००. दुसऱ्याच्या रक्तात घाण जास्त, म्हणून औषध ३०,००० दिसलं. नुसतं औषध बघितलं असतं तर म्हणालो असतो ह्याच्यात निम्मंच आहे. पण डी-४ पण २०,००० वर आलेलं असतं. भागाकार दोन्हीकडं दीड. म्हणजे औषध दोघांत सारखंच, दबला तो फक्त सिग्नल. ह्या भागाकारासाठी हजारो रुपयांची ती चिमूटभर पूड.

पण सगळं एवढं सरळ नाही, कुठल्याही हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम घालून चालत नाही. ऑक्सिजन किंवा नायट्रोजनला लटकलेला हायड्रोजन पाण्यात क्षणात अदलाबदल करतो, तिथं ड्युटेरियम बसवला तर पाण्यात टाकल्या टाकल्या तो निघून साधा हायड्रोजन येऊन बसेल आणि आपली खूण पुसली जाईल. म्हणून तो कार्बनवर बसवायचा, आणि कार्बनही असा निवडायचा जो आम्लात-अल्कलीत सोडत नाही. दुसरं, एक ड्युटेरियम पुरत नाही. कारण निसर्गातला कार्बनच शंभरातला एक जरा जड असतो, कार्बन-१३. एसायक्लोव्हिरमध्ये आठ कार्बन आणि पाच नायट्रोजन, त्यामुळं साध्या औषधाचेच शंभरामागं दहा-अकरा रेणू आपोआप एकानं जड असतात. डी-१ ची खूण लावली तर ती ह्या गर्दीत हरवते. म्हणून निदान तीनचं अंतर ठेवतात, चार असलं तर अजून बरं. तिसरं, बाटलीत चुकून राहिलेलं साधं औषध, ज्याला डी-झीरो म्हणतात. ते जास्त असलं तर ज्या रक्तात औषधच नाही त्यातही थोडं "सापडतं", कारण ते आपणच टाकलेलं असतं. सर्टिफिकेटवर शुद्धता ९९ टक्के बघून पोरं खूश होतात, मी सांगतो ती केमिकल शुद्धता झाली, आयसोटोपची शुद्धता, म्हणजे किती रेणूंत ड्युटेरियम पुरेपूर बसलाय ते, आणि डी-झीरो किती ते वेगळ्या ओळीत असतं, ती ओळ वाचा.

आणि ड्युटेरियम अगदीच गुपचूप बसतो असंही नाही. कॉलममधनं येताना ड्युटेरियमवाला रेणू साध्यापेक्षा किंचित आधी बाहेर पडतो. जास्त ड्युटेरियम तर जास्त आधी. नेमकी त्याच फटीत घाण आली तर एकाचा सिग्नल दबतो, दुसऱ्याचा नाही, आणि आपला भागाकार खोटा ठरतो. म्हणून जिथं पैसा असतो तिथं लोक कार्बन-१३ आणि नायट्रोजन-१५ ची खूण घेतात, ती असली नाटकं करत नाही. पण ती महाग, ड्युटेरियम त्यामानानं स्वस्त, त्यामुळं रोजचं काम ड्युटेरियमवरच चालतं. ओसेल्टामिव्हिर, लोपिनाव्हिर, रिटोनाव्हिर, टेनोफोव्हिर, सगळ्यांचे असे जड जुळे विकत मिळतात, आणि भारतातल्या जेनेरिक कंपन्यांचं त्यांच्याशिवाय पान हलत नाही. जेनेरिक गोळी मूळ गोळीइतकीच रक्तात जाते हे दाखवायला निरोगी माणसांना दोन्ही देऊन रक्तातलं प्रमाण मोजतात, आणि दोघींचं गुणोत्तर, त्यातल्या अनिश्चिततेसकट, ८० ते १२५ टक्क्यांच्या मधे बसवून दाखवायला लागतं. एचआयव्हीच्या ज्या स्वस्त गोळ्या भारतातनं जगभर गेल्या त्यांना ह्याच परीक्षेतनं जायला लागलं. बेळगाव-बागलकोट हा पट्टा एकेकाळी एचआयव्हीचं प्रमाण जास्त असलेला, इथल्या एआरटी सेंटरवर महिन्याच्या महिन्याला गोळ्या घेणाऱ्या माणसाला डी-४, डी-८ काही माहीत नसतं आणि असायचं कारणही नाही, पण त्या गोळीमागं कुठंतरी एक जड जुळा मशीनमधनं जाऊन आलेला असतो.

आतापर्यंत ड्युटेरियमकडनं आपली अपेक्षा काय होती? तू आहेस हे दिसू दे, पण वागण्यात काही फरक पाडू नकोस. आता त्याचं दुसरं काम सांगतो, त्यात अपेक्षा बरोब्बर उलटी. तिथं त्यानं फरक पाडलाच पाहिजे.

कार्बन आणि हायड्रोजनची जोडणी कधी स्थिर नसते, कितीही थंड केलं तरी कंप पावतच राहते. हलका हायड्रोजन जास्त ऊर्जेनं थरथरतो, जड ड्युटेरियम कमी. म्हणजे साधी जोडणी तोडायला जी चढण चढायची तिच्यातली थोडी साधा हायड्रोजन आधीच चढून बसलेला असतो, ड्युटेरियम खालीच असतो, त्याला पूर्ण चढायला लागतं. परिणाम असा की लिव्हरमधलं एन्झाइम जिथं कार्बन-हायड्रोजन तोडून औषध निकामी करतं, तिथं ड्युटेरियम बसवला तर तो तोडायचं काम मंदावतं, टेस्ट ट्यूबमध्ये सहा-सातपट सुद्धा. शरीरात मात्र एवढं सहसा दिसत नाही, कधीकधी तर काहीच दिसत नाही, कारण एन्झाइम हुशार असतं, एक जागा अडवली तर त्याच रेणूची दुसरी जागा पकडतं.

म्हणून मला वैताग येतो जेव्हा लोक म्हणतात "ड्युटेरियम घातलं की औषध जास्त वेळ टिकतं". कुठल्या औषधात? आपलं एसायक्लोव्हिरच घ्या. पाच वेळा घ्यायची कटकट आहे, मग डी-४ च का देत नाहीत पेशंटला? कारण एसायक्लोव्हिर लिव्हर फारसं तोडतच नाही, ते बहुतेक जसंच्या तसं लघवीतनं जातं. जे तोडलंच जात नाही ते न तुटणारं करून काय मिळणार? मूत्रपिंडाला चार एककं जास्त वजनाचा काही फरक पडत नाही. तिथं उपाय वेगळाच निघाला, रेणूला व्हॅलिन नावाचं अमिनो आम्ल जोडून व्हॅलासायक्लोव्हिर केलं, ते आतड्यातनं चांगलं शोषलं जातं आणि आत गेल्यावर त्याचं एसायक्लोव्हिर होतं, म्हणून आता पाचऐवजी तीन वेळा गोळी.

जिथं लिव्हर खरोखर घाई करतं ती औषधं म्हणजे एचआयव्ही आणि कोविडवरची, विषाणूचं प्रोटिएज नावाचं एन्झाइम अडवणारी औषधं. त्यांना सीवायपी-३ए-४ नावाचं एन्झाइम इतकं पटापट फोडतं की त्यांच्या जोडीला रिटोनाव्हिर द्यायला लागतं, फक्त त्या एन्झाइमला बांधून ठेवायला. पॅक्सलोव्हिडमध्ये तेच आहे, निरमाट्रेल्व्हिर काम करतं आणि रिटोनाव्हिर राखण करतं. पण रिटोनाव्हिर ते एन्झाइम सगळ्यांसाठीच बंद करतं, त्यामुळं पेशंट कोलेस्टेरॉलची, हृदयाची, फिट्सची गोळी घेत असेल तर त्यांचं रक्तातलं गणित बिघडतं. म्हणून वाटलं की औषधातच मोक्याच्या जागी ड्युटेरियम बसवला तर रिटोनाव्हिरची गरजच राहणार नाही. अमेरिकेत कॉन्सर्ट फार्मास्युटिकल्स नावाची कंपनी २००६ मध्ये ह्याच कल्पनेवर उभी राहिली, तिनं ॲटाझानाव्हिर ह्या एचआयव्हीच्या औषधाचं ड्युटेरियमवालं रूप बनवलं, सीटीपी-५१८, आणि २००९ मध्ये त्यासाठी जीएसके ह्या बड्या औषध कंपनीशी करार केला. माणसांवरच्या पहिल्या चाचण्यांपर्यंत ते गेलं, बाजारात काही आलं नाही. ह्या क्षेत्रात अशी बरीच आहेत, कागदावर सुंदर.

नेव्हिरॅपिनची गोष्ट मला त्याहून आवडते. हे एचआयव्हीचं जुनं औषध, आपल्याकडंही वर्षानुवर्षं दिलेलं, आणि त्याचा एक त्रास म्हणजे अंगावर पुरळ, काहीजणांना तर जीवघेणा. पुरळ औषधामुळं येतो का त्याच्यापासून शरीरात बनणाऱ्या दुसऱ्या कशामुळं, हा प्रश्न होता. टोरांटोच्या संशोधकांनी नेव्हिरॅपिनच्या मिथाइल गटावरचे तीन हायड्रोजन काढून तीन ड्युटेरियम बसवले, म्हणजे ज्या वाटेनं तो संशयित पदार्थ बनतो ती वाट अरुंद केली, आणि प्रयोगशाळेतल्या उंदरांना दिलं. पुरळ कमी झाला. औषध तेच, फक्त एक वाट अडवली, त्यामुळं दोष त्या वाटेवरचाच हे पक्कं कळलं. इथं ड्युटेरियमवालं औषध विकायचा प्रश्नच नव्हता, ते चोर पकडायला वापरलं.

आणि एक अँटिव्हायरल खरोखरच पार झालं. रेमडेसिव्हिर आठवत असेल, २०२१ च्या उन्हाळ्यात बेळगावातनं हुबळी, कोल्हापूर, मिरज, जिथं जिथं ओळख तिथं तिथं लोक त्या इंजेक्शनसाठी फोन करत होते. ते तोंडानं घेता येत नाही, पोटातनं गेलं तर लिव्हर पहिल्या फेरीतच फोडून टाकतं, म्हणून सलाइनमधनं. रेमडेसिव्हिर शरीरात गेल्यावर त्याच्यापासून एक साधा न्यूक्लिओसाइड (साखर आणि तिला जोडलेला बेस मिळून झालेला रेणू) सुटतो, जीएस-४४१५२४. चिनी संशोधकांनी तो न्यूक्लिओसाइड घेऊन त्याच्या बेसवरच्या एका कार्बनवर हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम बसवला, आणि तीन हायड्रॉक्सिल गटांवर आयसोब्युटिरिक आम्लाचे एस्टर लावले, झाली गोळी, नाव व्हीव्ही-११६. २०२२ च्या एप्रिल-मेमध्ये शांघायमध्ये ७७१ पेशंटांवर पॅक्सलोव्हिडशी तुलना केली, बरं व्हायला मधला आकडा व्हीव्ही-११६ ला ४ दिवस, पॅक्सलोव्हिडला ५, म्हणजे निदान कमी तरी पडलं नाही. जानेवारी २०२३ मध्ये चीननं त्याला सशर्त मंजुरी दिली. माझं मत विचाराल तर तोंडानं घेता यायचं मोठं काम त्या तीन एस्टरनी केलंय, व्हॅलासायक्लोव्हिरचीच युक्ती, ड्युटेरियमचा वाटा असला तरी दुय्यम. पण बातम्यांत ड्युटेरियमच गाजला, आणि पेटंटच्या दृष्टीनं वेगळा रेणू म्हणून तो सोयीचाही असतो, हे डोळ्याआड करून चालत नाही.

ह्या गोळीत ड्युटेरियम किती? ३०० मिलिग्रॅमच्या डोसमागं फार तर सव्वा मिलिग्रॅम. ज्या ग्लासभर पाण्यानं गोळी गिळायची त्यात साडेसहा-सात मिलिग्रॅम असतं हे वर सांगितलंच आहे. त्यामुळं "ड्युटेरियम अंगात साठेल" ही भीती सोडा. आणि उलट बाजूनं, ड्युटेरियम काढून टाकलेलं पाणी म्हणून जे ऑनलाइन भारी किमतीला विकतात, कॅन्सर बरा होतो म्हणून, त्याला पैसे घालवायच्या आधी तेवढेच पैसे कुंद्यावर खर्च करा, निदान तोंड गोड होईल.

अँटिव्हायरलच्या बाहेर बघितलं तर ह्या कल्पनेला जास्त यश आलंय. पहिलं ड्युटेरियमवालं औषध अमेरिकेत २०१७ मध्ये मंजूर झालं, ड्युटेट्राबेनाझिन, हंटिंग्टन ह्या मेंदूच्या आजारातल्या वेड्यावाकड्या हालचालींवर. त्यात दोन मिथाइल गटांवर मिळून सहा ड्युटेरियम आहेत, नेमके तिथं जिथं लिव्हर चावतं. २०२२ मध्ये सोरायसिसवरचं ड्युक्रावासिटिनिब, आणि २०२४ मध्ये डोक्याला चाई पडते त्यावरचं ड्युरुक्सोलिटिनिब. हे शेवटचं कॉन्सर्टनं बनवलेलं, आणि कॉन्सर्टला २०२३ मध्ये आपल्या मुंबईच्या सन फार्मानं विकत घेतलं, म्हणजे ड्युटेरियमच्या ह्या धंद्यात आता आपल्याकडचं नावही आहे.

परत बाटलीकडं. ‘डी-३’, ‘डी-५’ लिहिलेल्या बाटल्या ज्या संशोधनासाठी विकतात, त्यावर "फक्त संशोधनासाठी" असं छापलेलं असतं, आणि ते उगाच नाही. त्या पुडीतला रेणू औषधासारखाच असला तरी ती माणसाच्या पोटात जायच्या दर्जानं बनवलेली नसते, आणि त्यातले ड्युटेरियम लिव्हर जिथं तोडतं तिथं बसवलेले असतात असंही नाही, उलट मोजणीच्या कामासाठी मुद्दाम शांत जागा शोधून बसवलेले असतात. मोजायचा जुळा बनवणारा केमिस्ट आणि औषध बनवणारा केमिस्ट एकाच रेणूत ड्युटेरियमसाठी दोन वेगळ्या जागा निवडतील.

त्या खानापूरच्या पोरानं शेवटी मला एक प्रश्न टाकला, आणि तो खरंच चांगला होता. "सर, औषधच ड्युटेरियमवालं असलं, तर त्याचा जुळा कशाचा करायचा?" साधा, बिनड्युटेरियमचा रेणू जुळा म्हणून घेता येईल का? व्हीव्ही-११६ मधनं रक्तात जो न्यूक्लिओसाइड सुटतो त्याचं वजन मशीनवर २९३, साध्याचं २९२. एकचंच अंतर. आणि साध्यात बारा कार्बन, पाच नायट्रोजन, त्यामुळं त्याच्या शंभरामागं पंधराएक रेणू निसर्गतःच २९३ वर बसलेले, थेट औषधाच्या डोंगरावर. त्यात पेशंटला आधी रेमडेसिव्हिर दिलेलं असलं तर रक्तात दोन्ही मिसळलेले, कुणाचं किती ते वेगळं करायला अजून गणित. मग काय, तिथं अजून जड जुळा लागतो, कार्बन-१३ आणि नायट्रोजन-१५ घातलेला, औषधापासून तीन-चार एककं लांब. मी त्याला तसं सांगितलं, आणि म्हटलं, ती बाटली मागवायच्या आधी साहेबांना किमतीची कल्पना दे, ती डी-४ पेक्षा महाग असते.